वाचून दाखवलं, कबूल

पेन हातात धरायचा मला मनापासून कंटाळा आहे. भाच्याची मुलं म्हणतात, आत्याआजी, एवढी वर्षं दवाखान्यात काढलीस, काहीतरी लिहून ठेव. मी म्हणते, बाळांनो, मी जेवढं लिहिलंय तेवढं कचेरीतल्या कारकुनानंही लिहिलं नसेल. आता पुरे. आणि हा कंटाळा मला लावला तो आमच्या मोठ्या बाईंनी. त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे, म्हणजे त्या गेल्यावरही त्यांनी मला सोडलेलं नाही.

निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत, सरकारी दवाखान्याच्या जनाना वॉर्डात मी नर्स होते. बाई त्या वॉर्डाच्या प्रमुख. जालन्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, उंचीनं बेताच्या, आवाजानं मात्र नाही. पांढरं पातळ, त्यावर एप्रन आणि कमरेला दोरीनं बांधलेली शाईची दौत. चालताना ती दौत हिंदकळायची आणि एप्रनवर निळे डाग पडायचे. धोबी वैतागायचा. बाई म्हणायच्या, “रगत धुतोस, मंग शाईला का रडतो?”

हातात स्टूल. लोखंडी पायांचं, एक पाय आखूड. ते उचलून न्यायचं सोडून बाई शहाबादी फरशीवरून फरफटत न्यायच्या. त्या आवाजानं अर्धा वॉर्ड जागा व्हायचा आणि आम्ही नर्सा कपाळाला हात लावायचो. कारण स्टूल ज्या खाटेपाशी थांबेल तिथं आता लिखाण होणार आणि ते लवकर संपणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

रोग्याच्या उशाशी भिंतीतल्या खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असे. त्याला कागद टाचलेले. त्याला आम्ही बेडतिकीट म्हणायचो. ताप किती, नाडी किती, काय खाल्लं, कोणतं औषध दिलं, सगळं त्यात नर्सनं उर्दूत लिहायचं. सरकारी भाषा उर्दू, माझी शाळाही उर्दूतली, त्यामुळे माझा हात बरा होता. इतर वॉर्डांत हे काम फार सोपं होतं. सकाळी टेबलापाशी बसायचं, चहा घ्यायचा आणि ओळीनं सगळ्या तिकिटांवर लिहून टाकायचं, ‘हालत बदस्तूर’. म्हणजे तब्येत कालच्यासारखीच. काही जणी तर पुढच्या दिवसाचंही आदल्या दिवशीच लिहून ठेवायच्या. रोगी मेला तरच पंचाईत.

आमच्या वॉर्डात ‘बदस्तूर’ला बंदी होती. मी नवीन असताना एकदा तो शब्द लिहिला, तर बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

“कालच्यासारखी कोन आसतंय गं? तू हायेस का?”

मी म्हटलं, “हो.”

“काल तुझ्या केसात फूल व्हतं. आज नाय. का नाय ते मला नको सांगू. पन बदस्तूर लिवू नको.”

मी विधवा, मामाच्या घरी राहायची. विधवेनं फूल माळलं म्हणून आदल्या दिवशी मामीनं घरात तमाशा केला होता. बाईंनी ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला त्या वेळी राग आला होता. आता येत नाही.

‘बरी आहे’ हेही चालायचं नाही. “बरी आसती तर घरी गेली नसती का?” असं विचारायच्या. टेबलापाशी बसून लिहायला परवानगी नव्हती. खाटेपाशी बसायचं, रोग्याला विचारायचं, लिहायचं. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं नाही, एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वॉर्डातली सगळी ब्लेडं त्यांनी आपल्या पेटीत कुलूपबंद करून ठेवली होती.

इथवर ठीक होतं. खरा जाच पुढेच होता. लिहिलेलं सगळं रोग्याला त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “खरं हाय का?” तो हो म्हणाला की खाली लिहायचं, ‘वाचून दाखवलं, कबूल.’ मग सही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता आणि हैदराबादहून कधी आला नव्हता. तो बाईंच्या डोक्यातून आला होता. का आला, ते मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “तुझ्याबद्दल कुनी लिवलं तर तुला आयकावंसं वाटंल का नाय?” एवढंच. मला वाटलं होतं, यामागं काही मोठी हकीकत असेल. नव्हती.

परिणाम काय झाला, तर आमच्या वॉर्डातल्या बायका स्वतःच्या तिकिटावरून भांडू लागल्या. बिडकीनची एक म्हातारी होती, पोटाच्या विकारानं आलेली. ती जेवेना. बाईंनी लिहिलं, ‘जेवली नाही.’ वाचून दाखवल्यावर म्हातारी म्हणाली, “आर्धंच खरं हाय. सून आली नाय म्हनून जेवले नाय, आसं लिवा.” बाईंनी तसं लिहिलं. डॉक्टरसाहेब फेरीला आले, तिकीट वाचलं आणि विचारलं, “ये क्या है, सिस्टर?” बाई म्हणाल्या, “भूक न लगने का सबब है, साब.” साहेब हसले आणि सुनेला निरोप पाठवला. सून आली, दोन दिवस राहिली. म्हातारी तरीही जेवेना. बाईंनी तेही लिहिलं, ‘सून आली. तरीही जेवली नाही.’ म्हातारीनं ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “लिवा काय लिवायचं ते. कबूल.”

हिमरूचं कापड विणणाऱ्या एकाची बायको होती. तिला बायकी आजार. तो चारचौघींत वाचला जाणार म्हणून ती रडायलाच लागली. बाईंनी स्टूल जवळ ओढलं, तिच्या आणि स्वतःच्या डोक्यावरून चादर घेतली आणि आतल्या आत कानात वाचून दाखवलं. आम्हाला फक्त चादर हलताना दिसली आणि आतून आवाज आला, “हौ आपा, सच्च है.” चादरीला शाईचा डाग पडला तो पडलाच.

आणखी एक शेतमजूर बाई होती. तिचा ताप उतरला, तरी ती रोज म्हणायची, ताप आहे म्हणून लिहा. घरी गेलं की पहाटेपासून कामाला जुंपायचं होतं तिला. बाईंनी लिहिलं, ‘ताप नाही. घरी जायचं मन नाही.’ वाचून दाखवलं. तिनं खाली मान घालून कबूल म्हटलं. साहेबांनी ते वाचलं आणि तिला आणखी थोडे दिवस ठेवून घेतलं.

हे आता सांगताना गोड वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. वॉर्ड भरलेला, नर्सा कमी. पाय सुजायचे. एकीचं अंग पुसायचं, दुसरीची उलटी साफ करायची आणि तिसरी म्हणणार, माझं वाचून दाखवलं नाही. एक दिवस मी चिडून म्हटलं, “बाई, मी रोग्याकडं बघू का लिहू?”

“ते दोन हायेत व्हय?” बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढत पुढे गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघून दात ओठ खाल्ले.

मग तो उन्हाळा आला.

पडेगावची भागाबाई मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, आमच्याकडे होती. तेव्हा त्या तापावर औषध असं नव्हतंच. पातळ द्यायचं, अंग पुसायचं आणि आतड्याला जपायचं. रेचक तर अजिबात द्यायचं नाही. आतडं फाटायची भीती. भागाबाईचा नवरा दौलताबादच्या रस्त्यावर टांगा हाकायचा आणि सवारी सोडली की आमच्या व्हरांड्यात येऊन बसायचा. तिच्या शेजारच्या खाटेवर कौसरबी. तिची तक्रार साधी, पोट साफ होत नाही. तिला रोज सकाळी एरंडेल.

कौसरबीची खाट खिडकीपाशी होती. उन्हाची तलखी सुरू झाली तशी तिनं भागाबाईला म्हटलं, “तू बुखार में जल रई, इधर सो, हवा आती.” आणि दोघींनी खाटा बदलल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तिकिटं खिळ्यांना होती तशीच राहिली, भागाबाईच्या उशाशी कौसरबीचं आणि कौसरबीच्या उशाशी भागाबाईचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जवळच्याच एका खाटेपाशी स्टुलावर बसून वाचून दाखवत होत्या आणि ती रोगीण प्रत्येक शब्दाला हरकत घेत होती. आयानं औषधांचा ट्रे आणला. बाईंनी एरंडेलाची वाटी उचलली, वाद चालू ठेवतच खिडकीच्या खाटेशी गेल्या. तिथं कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन पडलं होतं. रोज नाव विचारल्याशिवाय औषध न देणाऱ्या बाईंनी त्या दिवशी नाव विचारलं नाही. भागाबाई उठली, एरंडेल पिऊन टाकलं आणि पुन्हा पडली. बाईंनी दिलं म्हणजे प्यायचं, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं कौसरबी तोंड धुऊन व्हरांड्यातून आली आणि म्हणाली, “आपा, मेरी दवा?”

बाईंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग खाटेकडे. चादर बाजूला केली. मी समोरच होते. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो.

आधी त्यांनी मला डॉक्टरसाहेबांकडे पळवलं. मी साहेबांना घेऊन आले तेव्हा स्टूल भागाबाईपाशी होतं आणि बाई तिचं तिकीट हातात घेऊन वाचून दाखवत होत्या, “एरंडेल दिलं. ते हिचं नव्हतं. मी नाव विचारलं नाही. चूक माझी.” आणि मग नेहमीसारखं, “खरं हाय का?”

भागाबाईला तापात काही उमजत नव्हतं. “तुमीच दिलं ना,” ती म्हणाली, “मंग झालं तर.”

“खरं हाय का तेवढं सांग.”

“व्हय.”

भागाबाई वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण आधी तिला शौचावाटे रक्त गेलं, ती मरणाच्या दारात जाऊन आली आणि त्या सगळ्या दिवसांत बाई तिच्यापाशी बसून होत्या. पोटावर बर्फ ठेवायच्या, चमच्यानं पाणी पाजायच्या. टांगेवाला व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून बसलेला असायचा. बाईंनी त्यालाही तिकीट वाचून दाखवलं होतं. पुढचे दोन दिवस त्यानं बाईंकडे पाहिलं नाही. भागाबाईनं डोळे उघडून पेज मागितली तेव्हा तो बाईंच्या पायाशी येऊन बसला.

ते तिथंच मिटलं असतं. पण हैदराबादहून मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार असा हुकूम आला.

मुआयन्याआधी आमच्या दवाखान्यात ‘साफ नक्कल’ करायची पद्धत होती. सगळी तिकिटं नव्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि डागाळलेले जुने कागद जाळून टाकायचे. उतरवताना जे नको ते गळायचं. सगळ्यांना माहीत होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आमचे डॉक्टरसाहेब भला माणूस. त्यांनी बाईंना नाही, मला बोलावलं.

“भागाबाई का टिकट तुम लिखो. वो एक सतर छोड़ दो. सिस्टर का वजीफा चला जाएगा, क्वार्टर चला जाएगा. इस उमर में कहाँ जाएँगी?”

सतर म्हणजे ओळ, वजीफा म्हणजे पेन्शन. बाईंची नोकरी संपत आली होती. त्यांना ना मूल ना भाऊ. दवाखान्याच्या आवारातली एक खोली, तिच्यात एक खाट, एक कंदील आणि ती ब्लेडांची पेटी. मी साहेबांना म्हटलं, लिहिते. आणि लिहिलं. माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात, एरंडेलाच्या जागी, ‘हालत बदस्तूर’. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटत नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

नक्कल सहीसाठी बाईंपुढे ठेवली. त्यांनी वाचली. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी स्टूल उचललं. फरफटत नेलं नाही, उचललं, आणि भागाबाईच्या खाटेशी ठेवलं. बाईंनी माझी नक्कल पहिल्यापासून वाचून दाखवली. त्या दिवसाची ओळ आली. “हालत बदस्तूर. कालच्यासारखीच.” मग त्यांनी विचारलं,

“खरं हाय का?”

भागाबाई आता शुद्धीवर होती. तिला सगळं कळलेलं होतं. मुआयना, वजीफा, सगळं. वॉर्डात कुठली गोष्ट लपते? ती उशीला टेकून बसली आणि ठणकावून म्हणाली, “व्हय. आसंच झालं. खरं हाय.”

“हौ आपा,” कौसरबी शेजारून म्हणाली, “बिल्कुल सच्च है. मैं देखी.”

मग पलीकडची म्हणाली, खरं हाय. तिच्या पलीकडचीही. ज्या बायका स्वतःच्या वाटीभर पेजेवरून बाईंशी हुज्जत घालायच्या, त्या सगळ्या एकेक करून खरं हाय म्हणाल्या. आपण जिंकलो असं मला वाटलं.

बाई खाली बघत होत्या. दौतीचं बूच काढत होत्या, परत लावत होत्या. “मरायला टेकली व्हतीस, तवा बी खरं बोललीस,” त्या भागाबाईला म्हणाल्या. “आता काय झालं गं?”

“आता तुमच्यावर आलंय ना, बाई.”

बाईंनी टाक घेतला. माझ्या ‘बदस्तूर’वर एक रेघ मारली आणि त्यावर ती जुनी ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. वाचून दाखवली. “खरं हाय का?” भागाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं. ती बोलेना. कौसरबीनं चादर डोक्यावरून घेतली. शेवटी बाईंनी खाली लिहिलं, ‘वाचून दाखवलं. रोगीण कबूल करत नाही.’ आणि सही केली.

मुआयन्याचे साहेब ते तिकीट बराच वेळ वाचत होते. नर्स म्हणते माझी चूक, रोगी म्हणतो चूक नाहीच, असं त्यांनी कधी पाहिलं नसावं. पण नर्सची सही होती. बाईंचा हुद्दा गेला, क्वार्टर गेलं, वजीफ्याला कात्री लागली. उरलेली नोकरी करायला त्यांना एका लहान गावच्या दवाखान्यात साधी नर्स म्हणून पाठवलं. रोग्यांना तिकीट वाचून दाखवायचं नाही, असाही हुकूम निघाला. टांगेवाल्यानं त्यांचं सामान स्टेशनवर पोचवलं. स्टूल सरकारी होतं, ते राहिलं.

आणि खरं सांगू? आम्हाला हायसं वाटलं. टेबलापाशी बसून चहा घेता येऊ लागला. ‘हालत बदस्तूर’ परत आलं. मीही लिहिलं, वर्षानुवर्षं लिहिलं. दमलेल्या माणसाला तो शब्द फार उपयोगी पडतो.

निजामी संपायच्या जरा आधी बाई परत आल्या, रोगी म्हणून. पोटात गाठ होती. कापून उपयोग नाही, थोडेच दिवस आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. वॉर्ड आता माझ्याकडे होता. मी त्यांना खिडकीची खाट दिली. वाळून लहानशा झाल्या होत्या. एप्रन नव्हता, दौत नव्हती, तरी त्यांचा हात सारखा कमरेशी जायचा.

त्या दिवशी मी फार थकले होते. शहरात पटकीची साथ होती, दोन नर्सा आजारी होत्या. बाईंच्या खाटेशी आले आणि उभ्याउभ्या विचारलं, “दुखतंय का?”

“नाय,” बाई म्हणाल्या. “आज बरं हाय.”

मी लिहिलं, ‘दुखत नाही.’ निघणार होते, पण पाय निघेना. कोपऱ्यातलं ते स्टूल ओढत आणलं. हुकूम गेला खड्ड्यात. बसले आणि वाचून दाखवलं, “थोडी पेज घेतली. पोटात दुखत नाही.” मग विचारलं, “खरं हाय का, बाई?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “काट ते. दुखतंय. लई दुखतंय. तू दमलेली दिसलीस, म्हनून नाय म्हनले.”

मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “एकच रेघ मार,” म्हणाल्या. “खालचं वाचता आलं पायजे.”

मी रेघ मारली. ती वाकडी आली. वर लिहिलं, ‘दुखतं. फार दुखतं.’ वाचून दाखवलं. “व्हय,” बाई म्हणाल्या, “आता कबूल.” डॉक्टरांनी तिकीट वाचलं आणि लगेच मॉर्फियाची सुई दिली. बाईंचा चेहरा सैल झाला, डोळे मिटले. मी लिहायला टाक उचलला, ‘स्वस्थ झोपल्या आहेत.’ आणि ठेवून दिला. वाचून दाखवल्याशिवाय कसं लिहायचं? म्हटलं, उठल्या की विचारू.

बाई त्या झोपेतच गेल्या. ती ओळ मी लिहिली नाही. बेडतिकिटावर तिची जागा कोरीच राहिली.